टणत्कार की टंकार? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलांसाठी महाभारतातल्या गोष्टी लिहून काढतेय. त्यात अर्जुन गांडीवाची दोरी ओढून सोडतो तिथे मी 'टणत्कार' लिहिलं होतं, तर मजकूर तपासणाऱ्या मैत्रिणीने ते खोडून 'टंकार' केलं. म्हणाली मूळ संस्कृत शब्द टंकार, तुझा तो बोलण्यात बिघडलेला आहे. मला काही ते पटेना. आजी गोष्ट सांगताना टणत्कारच म्हणायची आणि टंकार वाचलं की माझ्या कानात दोरी वाजतच नाही.

मग शोधत बसले. टंकार संस्कृतात आहेच, हुंकार झंकार यांच्याच जातीचा, आधी आवाज आणि पुढे कार म्हणजे करणं. पण फूत्कार, सीत्कार, चीत्कार यांच्यात 'त्' आहेच की, तो मराठीने मागून घुसडलेला नाही. आणि पाणिनीने तर आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांसाठी सूत्रच दिलंय (६.१.९८), त्याचं ठरलेलं उदाहरण पटत् + इति = पटिति. म्हणजे असे अत् ने संपणारे आवाजी शब्द तेव्हापासून चालत आलेत, मग टणत् + कार सरळच झालं ना? चमत्कारसुद्धा याच घरातला, चमत् हा आश्चर्याचा उद्गार! हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

शिवाय मला दोन्हींत फरक ऐकू येतो. टणत्कारात ट ला दोरी सुटते, ण मध्ये थरथरते आणि त् ला आवाज कापल्यासारखा तुटतो, टंकार मात्र घुमत लांब जातो. ताणलेल्या दोरीला पहिलाच जवळचा वाटतो.

तर विचारायचं असं की धनुष्य सोडून दुसऱ्या कशाला, म्हणजे घंटा, तलवार, वीणेची तार, तुम्ही टणत्कार वापरलेला ऐकलाय का? बोलण्यात आपण टणकन, टणटण म्हणतो पण टणत्कार फक्त गोष्टींतच उरलाय असं वाटतं. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश कुणाकडे असेल तर दोन्ही शब्दांखालचे अर्थ जसेच्या तसे टाकाल का प्लीज, आणि जुन्या पोथीत, आख्यानात कुठे सापडला तर ती ओळ पण द्या. मैत्रिणीला दाखवायचंय, आणि खरं सांगायचं तर तो शब्द मला गोष्टीत ठेवायचाच आहे.