आफ्रिकन ग्रे घरी आणलाय, पण कोपऱ्यातून हलतच नाही

कवळेची_वहिनी

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याजवळ कवळ्याला राहतो. शेजारच्या वाड्यावरचं एक कुटुंब कायमचं लंडनला निघालं आणि जाताना त्यांचा आफ्रिकन ग्रे पोपट आम्हाला देऊन गेलं. नाव पेद्रू. त्यांच्या हिशेबाने वय नऊ वर्षं. राखाडी अंग, लालभडक शेपूट, फिकट पिवळे डोळे. त्यांच्याकडे हा दिवसभर बडबडायचा. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा तर असा काढायचा की माणसं पिशवी घेऊन गेटपाशी येऊन उभी राहायची. आमच्याकडे आल्यापासून एक शब्द नाही. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात दांडा घट्ट धरून बसतो. मी जवळ गेले की घशातून गुरगुरतो. हात आत घातला की फडफडून जाळीवर आपटतो.

खातो, पण आम्ही खोलीबाहेर गेल्यावरच. सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या वेचतो, गाजर आणि डाळिंब खाली टाकतो. शी पहिल्या दिवशी पाण्यासारखी होती, आता बरी दिसते.

पिंजरा सध्या बल्कांवात, म्हणजे पुढच्या उघड्या ओसरीत आहे. हवा येते, रस्त्यावरची माणसं दिसतात, त्याला करमेल असं वाटलं. घरात मी, आमचे हे आणि सासूबाई. सासूबाईंना तो 'राम राम' म्हणायला हवाय, आणि त्या त्याला चहात बुडवलेला उंडो (गोल पाव) द्यायला टपलेल्या असतात. हे म्हणतात, हा जुनाट पिंजरा टाक, दुप्पट मोठा आणू. जुनी मालकीण रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून 'पेद्रू, पेद्रू' अशा हाका मारते. मग हा मान उंच करून सगळीकडे शोधतो आणि रात्री दाण्याला तोंड लावत नाही. कॉल बंद करा असं कसं सांगू? बाईचाही जीव अडकलाय.

त्यात चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली. घर पाहुण्यांनी भरणार. काय करू ते सांगा.

मोकळं_आभाळ

पाखराला पिंजऱ्यात ठेवणं हेच मुळात चूक. पाऊस ओसरला की परसातल्या आंब्यावर सोडून द्या. दोन दिवसांत आपल्या जातभाईंत मिसळेल.

सत्तरीकर_तारवटी

वहिनी, वरचा सल्ला ऐकू नका. इथे त्याचे जातभाई कोण? हा पक्षी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जंगलांचा. पिंजऱ्यात वाढलेल्या ग्रेला ना दाणा शोधता येत ना घार ओळखता येत. आपल्याकडचे कावळेच त्याला संध्याकाळपर्यंत टोचून मारतील. सोडून दिल्याचं पुण्य आपल्याला, मरण त्याला.

माझी जन्मभर बोटीवर नोकरी झाली. आता वाळपईला घरी असतो. भावाच्या माघारी त्याचा ग्रे माझ्याकडे आला, तेव्हा त्यानेही असंच मौन धरलं होतं. मग लिहितो ते जरा पाल्हाळ लावून, रागावू नका.

पहिलं म्हणजे गुरगुरणं हा राग नव्हे, भीती आहे. ग्रे घाबरला की असाच आवाज काढतो. रानात हे पक्षी थव्याने राहतात. एकट्या पडलेल्या पाखराने आवाज केला तर शिकाऱ्याला पत्ता लागतो, म्हणून ते गप्प बसतं. तुमच्या पेद्रूचं घर, माणसं, वास, आवाज सगळं एका दिवसात गेलं. तो गप्प आहे हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच.

बल्कांवातून त्याला आजच आत घ्या. तिथे तीन बाजू उघड्या. मांजर, कावळा, पावसाळ्यात भिंतीवरून येणारी धामण, सगळ्यांना तो दिसतो आणि त्याला ते दिसतात. पळायला तर जागा नाही. हॉलमध्ये असा कोपरा बघा की पिंजऱ्याच्या दोन बाजूंना भिंत येईल. दाराच्या तोंडाशी नको, माणूस अचानक समोर उगवला की तो दचकतो. स्वयंपाकघराला लागूनही नको, त्याचं खाली सांगतो. खोलीत शिरण्याआधी बाहेरूनच 'पेद्रू, मी आले रे' असं काहीतरी म्हणा. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. तुमच्या मालिका साडेदहापर्यंत चालत असतील तर टीव्ही किंवा पोपट, एकाला दुसऱ्या खोलीत न्यावं लागेल.

पिंजरा जुनाच राहू दे. तुमच्या यजमानांना सांगा, त्यांचा उत्साह दोनेक महिने राखून ठेवा. पत्रा सुटत असेल किंवा जस्ताचा मुलामा निघून हा तो कुरतडत असेल तरच लगेच बदला, कारण जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. नाहीतर तोच दांडा, त्याच वाट्या, तीच कळकट दोरी. ते सगळं त्याच्या ओळखीचं आहे. पुढे नवीन घ्याल तेव्हा स्टेनलेस स्टीलचा घ्या. दांडे एकाच जाडीचे नकोत, पायाला फोड येतात. परसातल्या पेरूची फांदी धुऊन, वाळवून लावा. काजूची मात्र नको, चीक असतो.

हात आत घालणं बंद. वाट्या बदलायच्या तेवढ्याच, सावकाश, बोलत बोलत. बाकी वेळ त्याच्यापासून पाच-सहा हातांवर खुर्ची टाकून, अंग थोडं तिरकं करून बसायचं. टक लावून बघायचं नाही, त्याच्याकडे रोखून बघणारा म्हणजे खाणारा. मी रोज 'नवप्रभा' मोठ्याने वाचायचो. आमचा पठ्ठ्या निधनवार्तांचं पान सगळ्यांत मन लावून ऐकतो. राजकारणाच्या पानावर शी करतो, त्याला मी काही शिकवलेलं नाही.

जाता-येता त्याच्या आवडीची एक गोष्ट वाटीत टाकायची आणि न थांबता पुढे जायचं. त्याला सूर्यफूल आवडतंय ना, मग त्या बिया रोजच्या वाटीतून हळूहळू कमी करा आणि तुमच्या हातून मिळतील अशा राखून ठेवा. आधी वाटीत, मग जाळीबाहेरून बोटांत लांब धरून. तो पुढे झुकला, डोक्यावरची पिसं सैल पडली, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय ताणून आळस दिला, चोच करकर घासली, तर तो निवांत आहे. पिसं अंगाला चिकटवून मागे रेलला तर तुम्ही एक पाऊल मागे व्हा. 'नको' म्हटलेलं या बाईला कळतं हे त्याला समजलं की चावायची वेळच येत नाही. हातमोजे घालून धरणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका.

आता स्वयंपाकघर. हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे हसतात. तुमच्याकडे पोळ्यांचा किंवा मासे तळायचा नॉनस्टिक तवा आहे ना? तो रिकामा गॅसवर राहून जास्त तापला की त्याच्या थराचा वायू सुटतो. त्याला वास असेलच असं नाही. माणसाला फार तर ताप येतो, कसकस वाटते. पक्ष्याचं फुप्फुस इतकं नाजूक की तो काही मिनिटांत मरतो, बाजूच्या खोलीत असला तरी. आमच्याकडे सगळं नॉनस्टिक काढून टाकलं आणि बिडाचा तवा आला. बांगडे त्यावर उलट जास्त चांगले होतात. मच्छरांची कॉइल, फवारे, देवापुढचा धूप हेही त्याच्या खोलीत नको. आणि छताचा पंखा! तो पिंजऱ्याबाहेर असेल तेव्हा पंखा बंद म्हणजे बंद, घामाने निथळत बसायची तयारी ठेवा. फिरत्या पंख्याला धडकून पाळलेले पोपट जातात.

खाणं एकदम बदलू नका. आधी जुनंच द्या, त्याशेजारी रोज थोडी तांबडी भाजी (लाल माठ), शेवग्याचा पाला, पिकलेली पपई ठेवा. टाकेल, टाकू दे. तुम्ही त्याच्यासमोर बसून तेच चघळा, मग बघा. नुसत्या बियांवर ठेवलेल्या ग्रेला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. कॅल्शियम फार उतरलं की झटके येतात, आणि ते या जातीत जास्त दिसतं. आपल्या किनाऱ्यावर समुद्रफेस, म्हणजे माकुलाचं पांढरं हाड, वाहून येतो तो उकळून, कडक उन्हात वाळवून पिंजऱ्याला अडकवा. कुरतडला तर बरं, नाही तर डॉक्टरांना विचारून दुसरं काही. सकाळचं कोवळं ऊन मिळालं पाहिजे, काचेआडून नव्हे, काच त्यातला उपयोगी भागच अडवते. निम्म्या पिंजऱ्यावर सावली ठेवून, तुम्ही बाजूला बसून. पावसात बियांना बुरशी धरते, ती त्याच्या छातीत जाते. म्हणून थोड्याच आणा आणि बरणीत घट्ट झाकून ठेवा.

आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्याच्यासाठी वेगळा काढा. तयार ग्रे साधारण चारशे ते पाचशे ग्रॅमचा असतो. पिंजऱ्यातला दांडा काट्यावर बसवता आला तर उत्तम, सकाळी खाण्याआधी वजन घेऊन वहीत लिहायचं. पक्षी आजार लपवतो, वजन लपवत नाही. दहा टक्के उतरलं, फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसला किंवा श्वासासरशी शेपूट खालीवर होऊ लागली तर वाट बघत बसू नका. पक्षी बघणारा पशुवैद्य सगळीकडे नसतो, तो कुठे आहे हे आत्ताच फोन करून ठरवून ठेवा.

परवरीची_अ

काकांनी सगळं सांगितलं, मी फक्त कागदाचं सांगते. आफ्रिकन ग्रे साइट्स करारात (वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) २०१७ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. त्यामुळे वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी लागते. ती 'परिवेश २.०' या पोर्टलवर होते, अर्ज मुख्य वन्यजीव वार्डनकडे जातो. पक्षी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांची मुदत असते. जुन्या मालकांनी नोंदणी केली होती का ते आधी विचारा. केली असेल तर ते प्रमाणपत्र मागवा, हस्तांतरणही कळवावं लागतं. केली नसेल तर वनखात्याच्या कार्यालयात जाऊन सरळ सांगा. जुन्या मालकीणबाई लंडनला स्थिरावून नंबर बदलायच्या आत हे उरका.

आपला लाल कंठवाला हिरवा पोपट मात्र देशी, तो पाळायला परवानगीच नाही. बाजारात पिल्लू दिसलं तर कीव येऊन घेऊ नका, एक विकत घेतलं की विकणारा झाडाच्या ढोलीतून आणखी काढतो.

कवळेची_वहिनी

सगळ्यांचे आभार. पिंजरा काल आत आणला, देवघराच्या विरुद्ध कोपऱ्यात. दुपारी मी पेपर वाचत होते तेव्हा पहिल्यांदाच माझ्यासमोर त्याने बी फोडली! नॉनस्टिक तव्याचं ऐकून सासूबाई खूश, कारण त्यांचा जुना तवा माळ्यावरून खाली आला.

पण कॉलचं आणि चवथीचं राहिलं. सासूबाईंना आवरायचं कसं तेही सांगा, उंड्यावरून रोज वाजतं.

डबोळी_ते_दुबई

माझं मत वेगळं आहे. कॉल चालू ठेवा. ओळखीचा आवाज तुटला तर तो जास्त खचेल. कुत्रं असतं तर आपण असं तोडलं असतं का?

सत्तरीकर_तारवटी

दुबईकर, आवाज येतो आणि माणूस येत नाही, हे रोज संध्याकाळी झोपेच्या तोंडावर कशाला? तो शोधतो आणि जेवत नाही, हे वहिनींनीच लिहिलंय. तो खात असता तर मी तुमच्याशी वाद घातला नसता. वहिनी, त्या बाईंना कॉल थांबवा असं म्हणू नका, काम द्या. पेद्रू किती वाजता उठायचा, झोपताना त्याला काय म्हणायच्या, कोणती शिट्टी वाजवली की उत्तर द्यायचा, आंघोळ फवाऱ्याने की वाटीत, कशाला घाबरायचा, हे सगळं व्हॉइस मेसेजवर मागवा. तुम्ही ते ऐका, त्याला ऐकवू नका. झोपताना त्यांचेच शब्द तुमच्या आवाजात म्हणा. तुमच्याकडे तो मोकळा झाला की मग कॉल खुशाल होऊ देत, सकाळी, पोट भरलेलं असताना.

चवथीला हॉलमध्ये माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) त्याला ठेवू नका. धूप, कापूर, घुमट (मातीचं चर्मवाद्य), पोरांची बोटं, सगळं एकाच खोलीत. मागची खोली ठरवा आणि आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधीच त्याला तिथे न्या. घुमट-आरतीचं रेकॉर्डिंग आतापासून दिवसा हळू आवाजात लावा, रोज किंचित वाढवा. फटाक्यांच्या रात्री झिरोचा दिवा चालू असू दे, अंधारात बिथरला तर जाळीत पंख मोडतो. घरातला एक माणूस दर तासाने तिथे जाऊन बसेल असं ठरवा. पाहुण्यांना सांगा पोपट आजारी आहे. खोटं बोलल्याचं पाप माझ्या खात्यावर. दिवाळीत नरकासुराच्या रात्रीही हेच करायचं.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांच्याइतका निवांत वेळ घरात कुणाकडे नाही. चहा नको कारण त्यातलं द्रव्य त्याच्या हृदयावर जातं. पाव-बिस्किटांत मीठ-साखर. चॉकलेट आणि अव्होकाडो तर विषच. त्याऐवजी त्यांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा द्या, आवळ्याएवढा नव्हे, सुपारीच्या खांडाएवढा. संध्याकाळचं त्यांचं स्तोत्र त्याच्या खोलीत म्हणू द्या. राम राम तो म्हणेल की नाही सांगता येत नाही. शिकवलेलं हे पक्षी उचलतीलच असं नसतं, कुकरची शिट्टी आणि भांडणातले शब्द आधी उचलतात, तेव्हा उंड्यावरून वाजवायचं ते दार लावून वाजवा.

काटा आणला का? वजन लिहाल ते इथे टाका, मी बघतो.