घरपट्टीच्या बिलावर जाहिरात? डोकं फिरलंय का!

कातळकर: काल इथं एकानं लिहिलं, 'घरपट्टीच्या बिलांवर जाहिराती घ्या, छपाईचा खर्च सुटेल, पंचायतीला चार पैसेही मिळतील.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. गेल्या पावसाळ्यात एका सरकारी कागदाच्या घडीत प्लॉटवाल्याचा रंगीत कागद आला. आईला वाटलं, जमिनीची नोटीस. पेटीतला सातबारा काढून मांडीवर घेऊन बसली, दुपारी जेवलीसुद्धा नाही. शिक्का दिसला की आपली म्हातारी माणसं वाचत नाहीत, घाबरतात. तेच विकायला काढायचं?

निवृत्त पोस्टमास्तर: नवीन काय त्यात? २००२ साली मेघदूत पोस्टकार्ड निघालं. साधं कार्ड ५० पैसे, हे २५. पत्त्याच्या बाजूलाच जाहिरात. आमच्याकडे बायका मुद्दाम मेघदूत मागायच्या. कुणाची आई उपाशी राहिल्याचं ऐकलं नाही.

कातळकर: मास्तर, आईवर जाऊ नका. मेघदूत घ्यायचं की नाही हे माझ्या हातात होतं. घरपट्टी 'ही नको, साधी द्या' म्हणता येते?

चाकरमानी लालबाग: जाहिरात राहू दे, बिल पोचतं का आधी? घर बंद, बिल दाराच्या फटीत. गणपतीला उघडलं तर निम्मं वाळवीनं खाल्लेलं. थकबाकी मात्र शाबूत! महावितरण कागदी बिल सोडणाऱ्याला बिलामागे १० रुपये सूट देत आलंय, पंचायतीला काय धाड भरलीय?

सड्यावरची: अकरा महिने घर बंद ठेवायचं नि वर तक्रार. तुमच्या दारातल्या पाखाडीवरचं, त्या दगडी वाटेवरचं रान कोण काढतं?

चाकरमानी लालबाग: पाखाडी माझ्या आज्यानं बांधलीय. शिकवू नका.

सड्यावरची: आज्यानं बांधली, नातवानं एकदा बेणली नाही.

निवृत्त पोस्टमास्तर: अरे, विषय काय, चाललाय कुठे! कातळकर, नको म्हणता येत नाही, हे मान्य. मग गावातल्यांच्याच घ्या की. खानावळ, चिरेखाण, बचतगटाचं कोकमाचं आगळ. प्लॉटवाले नकोत.

कातळकर: आणि निवडणार कोण? सरपंच. चिरेखाण कुणाच्या मेव्हण्याची, तेही सांगू?

सड्यावरची: आमच्या गटाला फुकट दिली तरी नको. बिल बघून लोक शिव्या घालतात, खाली आमचं आगळ कशाला? आणि मास्तर, प्लॉटवाल्यांचा कागद असतो कुणासाठी? बंद घरवाल्यांसाठीच. आमच्या शेजारचा काजूचा सडा, अख्खा माळ, तसाच गेला. गुरं जायची त्या वाटेवर आता गेट आहे.

चाकरमानी लालबाग: माझा नाही गेला. तलाठ्याकडे जाऊन बघा.

सड्यावरची: अजून.