नोत्र दामची चित्रं जळलीच नव्हती, मग पाच वर्षं काय केलं?

भटक्या६१:
नमस्कार मंडळी. लेकीकडे पॅरिसला गेलो होतो तेव्हा तिथलं नोत्र दाम कॅथेड्रल (मोठं जुनं चर्च) बघितलं. १५ एप्रिल २०१९ ची आग टीव्हीवर लाइव्ह बघितली होती, तो मनोरा कोसळताना पोटात गलबललं होतं. आता आतली मोठमोठी तैलचित्रं इतकी लख्ख दिसतात की कालपरवा काढल्यासारखी वाटतात. पण लेक म्हणाली चित्रांपर्यंत आग गेलीच नव्हती. मग रिस्टोरेशन कसलं? वरून परत रंग मारला का? तसं असेल तर मला वाईट वाटेल. जाणकारांनी प्लीज सांगा.

रंगरेषा:
काका, नाही, रंग मारलेला नाही. मी जुन्या चित्रांच्या कन्झर्वेशनचंच काम करते (तिथे नाही केलेलं) म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही बघितली त्यातली बरीचशी 'मे' चित्रं असणार. पॅरिसच्या सोनारांची मंडळी १६३० ते १७०७ या काळात मे महिन्यात मेरीमातेला एक भलंमोठं चित्र अर्पण करायची, आगीच्या वेळी त्यातली १३ तिथे होती, सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रं याची दोन धरून. आग छपराच्या लाकडात होती आणि खालचं दगडी छत बहुतेक ठिकाणी टिकलं, म्हणून वाचली. पण वरून पाण्याचा मारा झालेला, छताला भोकं, आत ओल, अशात कॅनव्हास फुगतो आणि आकसतो आणि रंगाचे पापुद्रे सुटायला लागतात, त्यामुळे चित्रं पटापट हलवावीच लागली.

लख्ख दिसतात ते जुनं व्हार्निश काढल्यामुळे. ते पिवळं पडतं, त्यात वर्षानुवर्षांची मेणबत्त्यांची काजळी. काडीला कापूस गुंडाळायचा, सॉल्व्हंटमध्ये जेमतेम ओला करायचा आणि आधी कडेला नखाएवढ्या जागेत टेस्ट. कापूस तपकिरी होतोय तोवर ठीक, चित्रातला निळा किंवा लाल त्यावर दिसला की तिथल्या तिथे थांबायचं. जिथे रंग उडालाय तेवढ्याच ठिपक्यात रीटच, तोही पुढे कुणाला काढता येईल असाच.

सीन_काठ:
रंगरेषा ताई, मस्त लिहिलंत. मी इथेच राहतो, शिशाचं पण सांगायला हवं. छप्पर आणि मनोरा मिळून ४०० टनांच्या आसपास शिसं होतं, त्याची विषारी धूळ सगळीकडे बसली, ८००० च्या आसपास पाइप असलेला ऑर्गनसुद्धा साफ करायला उतरवावा लागला. काम करणाऱ्यांना खास कपडे आणि बाहेर पडताना अंघोळ सक्तीची. दगडी भिंतींवर लेटेक्सचा लेप लावून वाळला की सोलायचा, मळ त्याला चिकटून येतो. रंगवलेल्या चॅपलमध्ये (कडेच्या छोट्या प्रार्थनास्थळांत) मात्र हे चालत नाही, तिथे हातानेच हळूहळू. एकोणिसाव्या शतकात नोत्र दामची डागडुजी करणारा वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक, त्याच्या काळातली ती भिंतीवरची नक्षी आधी काळवंडून गेली होती, आता जाऊन बघाच.

भटक्या६१:
दोघांचेही मनापासून आभार, जीव भांड्यात पडला. खिडक्यांच्या काचा पण बदलणार म्हणतात, ते खरं का?

सीन_काठ:
हो, दक्षिणेकडच्या सहा चॅपलच्या. आगीत त्यांना काही झालेलं नव्हतं तरी व्हियोले-ल-द्युकच्या काचा काढून क्लेअर ताबुरे या चित्रकर्तीच्या नव्या बसवायचं ठरलंय. सरकारच्याच वारसा आयोगाने २०२४ मध्ये विरोध केला होता.

रंगरेषा:
माझाही विरोधच आहे. ताबुरेबाईंच्या कलेबद्दल आदर आहे, पण आगीतून धडधाकट निघालेली वस्तू आपल्या हाताने काढून ठेवायची, हे मला पटत नाही.