"मी जातो की एकटा!" : सोलापूरकरांनो, तुमची पोरं कधी सुटी झाली?

गेल्या रविवारी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा एकट्याला शेंगाची चटणी आणायला पाठवलं. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरापासून दुकान चारशे पावलांवर, मध्ये एकच रस्ता. पाठवलं म्हणजे काय, तो जिना उतरला आणि मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून मागून निघाले. आपल्याकडच्या उन्हात निम्म्या बायका स्कार्फमध्येच असतात, मला कोण ओळखणार? मी पाव किलो सांगितली होती, त्यानं अर्धा पाव घेतली, सुटे पैसे दोनदा मोजले, आणि परत येताना कोपऱ्यावर थांबून सरळ माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, तुझी चप्पल दिसायली."

त्याच्या वयाची असताना मी धाकट्या भावाला हाताशी धरून बाळीवेशीतून पार्क चौकापर्यंत जायची. आई मागून यायची नाही, तिला तेवढा वेळच नसायचा. तुमच्याकडे कसं झालं? फसलेलंही लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

विजापूर रोड, एका मुलाचा बाबा

आमच्या पोराला पाण्यानं शिकवलं. चार-पाच दिवसांआड नळ, तोही कधी पहाटे तर कधी भर दुपारी. उजनी शंभरावर किलोमीटर लांब, वाटेत कुठं लाइन फुटली की वेळापत्रक गेलं. आम्ही दोघंही नोकरीला, म्हणून पाचवीत असताना पाण्याच्या मोटारीचं खातं त्याच्याकडे दिलं. आधी गढूळ पाणी जाऊ द्यायचं, मग हौद भरू द्यायचा, मग मोटार. हौद कोरडा असताना चालू केली तर मोटार जळते, हे तीनदा सांगितलं. मोटार बंद कधी करायची ते सांगायचं राहिलं.

टाकी भरली, गच्चीवरून पाणी जिन्यात, आणि खालच्या काकूंच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडया गेल्या वाहून. मी माफी मागायला निघालो तर बायकोनं अडवलं. "ज्यानं भिजवल्या त्यानं जावं." गेला. काकू काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या रविवारी सकाळी सहाला त्यांनी त्याला नव्या कुरडयांचा चीक हाटायला बोलावून घेतलं. ज्यांनी तो हाटलाय त्यांना कळेल. आता पाणी आलं की हा गच्चीत खुर्ची टाकून बसतो. टाकीवर बोट वाजवून पाणी कुठवर आलंय ते आवाजावरून सांगतो. मला अजून जमत नाही.

साखर पेठ, आजोबा (टाइप करणारी नात)

आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कन्नड. मी आठव्या वर्षापासून मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो. नाना, म्हणजे वडील, मागावर, आई कांड्याला, शाळेतून आलो की मीही तिच्या शेजारी. धोट्यातली कांडी संपली आणि दुसरी तयार नसली तर माग थांबतो, माग थांबला की मजुरी थांबते. एवढं गणित मला पाढ्यांच्या आधी आलं. त्याला कोणी स्वावलंबन म्हणत नव्हतं. सातवीत शाळा सुटली.

म्हणून "आमच्या वेळी मुलं कशी लवकर तयार व्हायची" असं कोणी म्हणालं की मी गप्प बसतो. आम्ही तयार झालो नाही, जुंपले गेलो. माझी मुलं शिकली, मागाचा आवाज त्यांनी फक्त बाहेरून ऐकला, याचं मला वाईट वाटत नाही.

एक गोष्ट मात्र नातीला शिकवली. तुटलेला धागा जोडायची गाठ. दोन बोटांत, न बघता, एका श्वासात बसली पाहिजे. तिला पंधरा दिवस लागले. मी एकदाही तिच्या हातातून धागा घेतला नाही, आणि ते माझ्यासाठी फार अवघड गेलं.

(नात : दप्तराचा बंद मी आता त्याच गाठीनं बांधते. वर्गात कुणालाच सुटत नाही.)

कुंभारी, तीन मुलींची आई

मी विड्या करते. दिवसाला हजाराचं काम असतं, पण हजार रोज होतातच असं नाही. मुलींना एकच नियम घातला होता, सुपाला हात लावायचा नाही. पानं कापायची नाहीत, दोराही गुंडाळायचा नाही. माझी आई म्हणायची, पोरीला काम आलं पाहिजे. मी म्हटलं, हे काम नको. मग माझी पाठ दुखायला लागली की त्या तिघी नुसत्या बघत बसायच्या आणि मला राग यायचा. नियम मीच केलेला, राग मलाच.

मधलीनं वाट काढली. सहावीत असताना माझं मजुरीचं पुस्तक वाचायला घेतलं. मला सही येते, आकडे येतात, बाकीचं वाचायला वेळ लागतो. एक दिवस माझ्यासोबत विड्या जमा करायच्या ब्रँचला आली आणि तिथल्या माणसाला म्हणाली, "काका, विड्या नापास केलेल्या किती ते इथं लिहिलं नाही, आणि पीएफचा आकडा कुठाय?" मला घाम फुटला. वाटलं, आता कामच बंद होतंय. त्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लिहून दिलं.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते. तिचा ऑनलाइन फॉर्म तिघींचाही तीच भरते. गल्लीतल्या आणखी चार घरांचा पण. त्याचे पैसे घेत नाही म्हणून मोठी तिला चिडवते.

नवी पेठ, नाव नको

गोड गोड वाचून झालं असेल तर थोडं तिखट. मी सहावीत भाकरी थापायला लागले तेव्हा कुणी "स्वावलंबी" म्हटलं नाही. दादानं बारावीच्या सुट्टीत चहा केला तेव्हा मावशीला फोन गेला.

आता माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि परातीशी बसतो. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "पोराचा हात भाजंल." माझ्या हातावर दोन डाग आहेत, ते त्यांना रोज दिसतात. बोलले नाही. पोरगा थापायचा, भाकरी फाटायची, तव्यावर टाकताना घडी पडायची. पंधरा दिवस आम्ही भाकरीचे तुकडे दुधात कुस्करून खाल्ले. एकदा संध्याकाळी ऑफिसातून आले तर सासूबाई त्याच्याशेजारी पाटावर. "पिठाची विरी गेलीय रे, उकळतं पाणी घाल. थंड पाण्यानं कुठं जमायलंय?" मी पावलांचा आवाज न करता बाहेर गेले आणि दहा मिनिटं जिन्यात बसले.

होटगी रोड, गड्ड्यातला किस्सा

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार. आमचा सात वर्षांचा, पाळण्यापाशी हात सुटला. अर्धा तास! लाउडस्पीकरवर नाव पुकारलं, बायको रडायली, मी त्या गर्दीत आडवा-उभा पळतोय. आम्ही त्याला पढवलं होतं की हरवलास तर पोलिसमामांकडे जा, माझा नंबर सांग. हा गेलाच नाही. शेवटी मोटारसायकल घेऊन शोधावं म्हणून डफरीन चौकाकडे पळालो, तर हा गाडीच्या सीटवर बसून भेंडबत्ताशे खातोय.

"इथं का आलास?"

"गाडी सोडून तुम्ही कुठं जाणार?"

आधी एक पाठीत घातली, मग उचलून घेतलं. क्रम चुकला हे मान्य. भेंडबत्ताश्याला पैसे कुठून आले, हे अजून कळलेलं नाही.

सात रस्ता परिसर, बाप

मुलगी पुण्याला गेली, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं. आईनं चाळीस कडक भाकरी बांधून दिल्या, महिनाभराची सोय म्हणून. फलाटावर माझं तेच ते, पोचलीस की फोन, रात्री रिक्षा नको, पैसे दोन ठिकाणी ठेव. ती चौथीत असताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेऊन मीच तिला सांगितलं होतं की ही गाडी कोणाच्या नावाची, 12 जानेवारी 1931 ला काय झालं. त्या चौघांतल्या एकाचं नाव तिनं बरोब्बर तेव्हाच काढलं. "बाबा, कुर्बान हुसेन माझ्यापेक्षा थोडेच मोठे होते. मी फक्त कॉलेजला चाललीय." त्या चौघांना फाशी पुण्यातच, येरवड्याला झाली, हे काही फलाटावर बोलायचं नसतं.

चाळीस भाकरी चार दिवसांत रूमवरच्या पोरींनी संपवल्या. मग तिनं मेस शोधली, ती आवडली नाही, दुसरी शोधली. गॅसचं कनेक्शन, घरमालकाशी डिपॉझिटवरून भांडण, सगळं तिचं तिनं केलं. मी चारचौघांत कौतुकानं सांगायचो.

दिवाळीला तिची मैत्रीण सोबत आली होती. तिच्या तोंडून सहज निघालं, की ऑगस्टमध्ये हिला डेंग्यू झाला होता, तीन दिवस सलाईन. आम्हाला पत्ताच नाही. रोज रात्री फोनवर बोलत होती की, जेवले म्हणून सांगत होती. मी विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुम्ही पहिल्या गाडीनं आला असता." आलोच असतो. त्यात चूक काय, ते मला अजून कळत नाही. कुणाला कळलं असेल तर सांगा.

जुळे सोलापूर, पुन्हा मीच

दादा, मलाही कळलं नाही. तुमचं वाचून फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसती बसले.

आज तो दही आणायला गेला. मी गॅलरीतच थांबले. कोपऱ्यावर त्यानं वळून बघितलं, एकदा, दोनदा. मागे कुणीच नव्हतं. मग तो भराभर चालायला लागला. घाबरून की खुशीत, ते पाठीवरून कळलं नाही.