चालताना पोटरी धरते? आपापले अनुभव लिहा

पाय दुखले की घरोघरी 'वय झालं' म्हणतात आणि तेल चोळतात. पायाची धमनीच अरुंद झाली असेल तर तेलाने काय होणार? बाबांच्या निमित्ताने हे जवळून पाहिलं, म्हणून हा धागा. कसं लक्षात आलं, कशाने फरक पडला, जरूर लिहा.

बाबा पर्वतीला नेमाने जाणारे. निम्म्या पायऱ्यांवर उजवी पोटरी धरायची, कठड्याला टेकून जरा थांबले की मोकळी. पुन्हा तेवढंच चढलं की पुन्हा तेच. डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली, मग दंडाचं आणि घोट्याचं बीपी घेतलं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं, ०.९ किंवा त्याखाली आला तर पायाला रक्त कमी पोचतंय. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) मांडीतल्या धमनीत अडथळा दिसला. सिगारेट बंद, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू, आणि मुख्य म्हणजे चालणं! दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, ओसरलं की पुन्हा. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा. सारसबागेत बसायला बाक आहेत, म्हणून तिथे नेते. आता मधे न बसता फेरी पुरी करतात.

लक्ष्मी रोडवरून
साडीच्या दुकानात दिवसभर उभा असतो. माझं उलट आहे, चाललं की बरं वाटतं. संध्याकाळी घोटे सुजतात, निळ्या शिरा टरारून येतात. व्हेरिकोज व्हेन्स. शिरांच्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त खाली साचतं. घट्ट मोजे दिलेत, सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच चढवायचे. पण देण्याआधी घोट्याचं बीपी पाहिलं. धमनी तुंबलेली असताना असे मोजे घातले तर पाय आणखी उपाशी राहतो. दुकानातून परस्पर आणू नका, कळकळीने सांगतोय.

हडपसर
आईला मधुमेह. तिचा घोटा भागिले दंड हा आकडा १.४ च्या वर आला, आम्ही खूश! डॉक्टर म्हणाले, धमन्या कडक झाल्यात, बीपीच्या पट्ट्याने दबत नाहीत म्हणून आकडा फुगलाय. मग पायाच्या अंगठ्याचं बीपी घेतलं. तळव्यांना चटका कळत नाही, त्यामुळे शेकायची पिशवी बंद. रोज रात्री टॉर्च धरून बोटांच्या बेचक्या बघते.

वारजे
मणक्यात नस दाबली गेली तरी पोटऱ्या भरून येतात. माझं तेच निघालं. नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं.

कोथरूड
मामांना चाळिशीच्या आतच, बिडीमुळे. बर्जर्स डिसीज, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून तुंबतात. बोट काळं पडलं होतं. तंबाखू पूर्ण सुटल्यावरच आजार थांबला. मिश्रीसुद्धा त्यातच आली.

धागाकर्ती
कोणाचं पाऊल रात्री ठणकत असेल आणि पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटत असेल, किंवा जखम भरत नसेल, तर लगेच रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर सकाळची वाट बघू नका, तडक इमर्जन्सीत न्या.