मालक व्हा म्हणतात, पण वाटा कुठाय?

सातपाचची_लोकल (धागाकर्ता)

मागच्या तिमाहीच्या टाऊनहॉलला, म्हणजे कंपनीच्या सगळ्यांच्या सभेला, आमच्या वरच्या साहेबांनी स्लाइड दाखवली, 'नोकर बनू नका, मालक बना'. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, पहिल्याच रांगेत बसलो होतो. त्याच आठवड्यात इन्क्रिमेंटची पत्रं आली आणि इथला मालक कोण, हे सगळ्यांना नीट कळलं.

मालक जोखीम घेतो म्हणून नफा त्याचा, यावर माझी तक्रार नाही. पण ज्याला नफ्यात वाटा नाही, मालाचा भाव ठरवताना कुणी विचारत नाही, शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार हेही ज्याच्या हातात नाही, त्याच्याकडे मालकाची तळमळ कुठल्या तोंडाने मागता?

मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण प्रत्येक ट्रेनिंगमध्ये देतात. गुडघाभर पाण्यातून डबा वेळेवर पोचतो, वगैरे. पण डबेवाला कुणाचा नोकर नाही, हे कुणी सांगत नाही. त्यांचे गट असतात. सायकल आणि डब्यांची लाकडी पाटी पदरच्या पैशाची. महिन्याचा खर्च जाऊन उरतं ते गटात सारखं वाटतात, मुकादमालाही तेवढंच. लिज्जतचंही तेच. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आजही तिथली प्रत्येक बहीण सभासद आहे, पगारी कामगार नाही. वाटा आधी दिला, तळमळ मागून आली.

आमच्याकडे उलटा क्रम. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी आठवड्याला ९० तासांची भाषा केली, रविवारीही कामाला लावता येत नाही याची खंत बोलून दाखवली. हा रविवार कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी सहा-सात वर्षं झगडून १० जून १८९० ला मिळवलेला आहे, कुणी खुशीने दिलेला नाही.

बोला.

व्हीएमसीवाला_भोसरी

मालक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर स्लाइडवाला साहेब येतो. तो मालक नाही हो, तोही तुमच्यासारखाच पगारी, फक्त आकडा मोठा. मालक बघायचा असेल तर आमच्या शेडमध्ये या.

दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशिनं, नऊ माणसं, सगळं जॉबवर्क, दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून द्यायचे. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचा, मग गिऱ्हाईकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. कायद्याने लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करायचं, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. आयकरातही आता तसं कलम आलंय. गिऱ्हाईकाने मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देईपर्यंत तो खर्च त्याला वजावटीला मिळत नाही. सगळं कागदावर उत्तम. प्रत्यक्षात पैसे ९० दिवसांनी येतात आणि मी थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी कौन्सिलकडे तक्रार करत नाही, कारण केली की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला. मशिनचा हप्ता मात्र पाच तारखेला जातोच. घर बायकोच्या नावावर आहे, तेच बँकेकडे तारण.

आता माझी अपेक्षा ऐका. ७० तास नकोत, ९० तर नकोतच. आठ तासांत इन्सर्ट, म्हणजे मशिनचं कापायचं पातं, तुटला तर मला सांग. तसाच जॉब पुढे ढकलू नकोस. रात्रपाळीत एकाने तो सरकवला आणि अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत आला. मटेरियल माझं, वाहतूक माझी, गिऱ्हाइकाच्या शिव्या माझ्या. त्याचा त्या दिवसाचा पगार तर मला द्यावाच लागला. एवढी आच मागितली तर मी शोषण करतो का?

सातपाचची_लोकल

हे तर चोख काम झालं. त्याला कोण नाही म्हणतंय? पण उलटही सांगा. कुणी इन्सर्ट वेळेत बदलून लॉट वाचवला, तर त्याच्या पदरात काय पडतं?

व्हीएमसीवाला_भोसरी

रिजेक्शन खाली राहिलं की त्या मशिनवरच्या माणसांना जादा पैसे वाटतो. बोनसही कायद्यातल्या किमान ८.३३ टक्क्यांच्या वर देतो. वाटा नाही देत. नफ्यात वाटा घेणारा तोट्याच्या वर्षी हात वर करणार नाही, याची हमी कोण घेतंय?

रेवा_बाणेर

वाट्याचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगते. मला मिळाला होता. स्टार्टअपमध्ये एकूण पॅकेजचा एक भाग ईसॉप म्हणून दिला, म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क (ऑप्शन), आणि पगार बाजारभावापेक्षा कमी. चार वर्षांचं वेस्टिंग, म्हणजे हक्क हळूहळू पदरात पडणार, पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर शून्य. 'आपण सगळे ओनर' हे रोज सकाळच्या बैठकीत. रात्री अकराला मेसेज आला आणि उत्तर दिलं नाही की सकाळी 'ओनरशिप कमी पडतेय'.

नोकरी सोडली तेव्हा ९० दिवसांत ऑप्शन विकत घ्या, नाहीतर गेले. घ्यायचे तर पदरचे पैसे घाला. वर, शेअरची त्या वेळी मूल्यांकनाने काढलेली किंमत आणि मी देणार ती किंमत यातला फरक पगारातलं उत्पन्न धरून त्यावर कर. कंपनी लिस्टेड नाही, म्हणजे विकायला बाजारच नाही. न मिळालेल्या पैशांवर कर भरायचा! मी सोडून दिले.

तेव्हा धागाकर्ते, तुमचं 'आधी वाटा द्या' अर्धंच आहे. ताळेबंद मला कधी दिसला नाही. मधल्या फंडिंग राउंडमध्ये नवे गुंतवणूकदार आल्यावर माझा वाटा किती पातळ झाला, तेही विचारून कळत नव्हतं.

वाळव्याचा_ऊस

रेवाताई, तुमचे शेअर निदान सोडून तरी देता आले. आमचे आजोबांच्या नावाचे आहेत, फ्रेम करून देवघराशेजारी लावलेत.

सहकारी साखर कारखान्याचे आम्ही मालक. प्रवरानगरला विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगिळांनी १९५० च्या सुमारास जे उभं केलं, त्याला तोड नव्हती, हे मनापासून म्हणतो. शेतकऱ्याने भांडवल घालून स्वतःचा कारखाना काढायचा! आता आमच्याकडे वार्षिक सभेला या. विषय वाचून व्हायच्या आत 'मंजूर, मंजूर'. हात वर करून प्रश्न विचारणाऱ्याचा माईक बंद. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत, द्यायची असा १९६६ चा आदेश आहे. ती थकली की मालकच स्वतःच्या कारखान्याच्या गेटवर धरणं धरून बसतो. जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

आणि ज्या ऊसतोड जोडप्याच्या कोयत्यावर हा डोलारा उभा आहे, ते ना सभासद ना कामगार, मुकादमाची उचल फेडायला आलेलं. त्यांनी कुणासारखा विचार करायचा?

निवृत्त_मास्तर

सगळे वाट्यालाच चिकटलात. मालकासारखं बघणं हे मालकासाठी नसतं, स्वतःसाठी असतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते, पगारावर. तिथेच यंत्रं हाताळली, आणि नोकरीत असतानाच मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला भावाकडे विक्रीला पाठवत होते. बढती डावलून अँग्लो-इंडियन माणसाला दिली तेव्हा राजीनामा देऊन बेळगाव गाठलं. नांगर, मग १९१० ला किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना पटवण्यात वर्षं गेली ती वेगळीच. पाच वाजले की पेन खाली ठेवणाऱ्याकडून हे झालं असतं?

आजची पोरं एक तर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत तिशी गाठतात, नाहीतर नोकरीत शिरून तास मोजतात.

रात्रपाळी_नागपूर

मास्तर, नमस्कार. पण ज्याला किर्लोस्कर व्हायचंच नाही त्याचं काय?

मी नर्स आहे. आयसीयूत पहाटे तीनला सलाइनचा दर तपासते तेव्हा रुग्णालय कुणाचं आहे हे माझ्या डोक्यात नसतं. हॉस्पिटल ट्रस्टचं असो, सरकारचं असो. माझं काम मला चांगलं येतं, ते मी चांगलं करते आणि ड्युटी संपली की घरी जाते. यात मालकाला कशाला आणायचं? चांगलं काम दिसलं की त्याचं श्रेय लगेच मालकी वृत्तीला, आणि घड्याळ बघितलं की नोकर वृत्ती! घड्याळ नाही बघितलं तर पुढच्या पाळीला चुका होतात, त्या रुग्णाला भोवतात. आणि मास्तर, तुम्हीही घंटा झाली की वर्गाबाहेर येतच असाल.

निवृत्त_मास्तर

येत होतो. पेपर घरी आणून तपासत होतो, तेही लिहा.

व्हीएमसीवाला_भोसरी

सिस्टर बोलल्या ते पटलं. माझ्या ऑपरेटरकडून मला तेवढंच हवंय, मी उगाच मालकीच्या भाषेत मांडलं असेल तर असो. पण धागाकर्त्याला माझा सवाल अजून उभाच आहे. वाटा पाहिजे, मग तोट्यात वाटा घेणार का?

सातपाचची_लोकल

घेईन. लिज्जतच्या बहिणी घेतातच, नफा तसाच तोटाही. करोनात ऑफिसं बंद पडली तेव्हा डबेवाल्यांनीही सोसलं, कित्येक मुळशी-मावळ-खेडला गावी परतले, कुणी पगार चालू ठेवला नव्हता. फक्त रेवाताईंची अट माझीही. वह्या उघड्या पाहिजेत. काय आलं, काय गेलं, दर महिन्याला सगळ्यांसमोर.

व्हीएमसीवाला_भोसरी

वह्या? अहो, वह्या मी सीएशिवाय कुणाला दाखवत नाही. घरी बायको विचारते, तिलाही नाही.

रेवा_बाणेर

घर त्यांचंच तारण आहे ना?

वाळव्याचा_ऊस

मंजूर, मंजूर.