जीवरक्षक नेमायचे कुणी, ग्रामपंचायतीने की सरकारने?

खाडीकाठचा
सुट्ट्या लागल्या की आमच्या किनाऱ्यावर गाड्यांची रांग लागते आणि मग पेपरात "पर्यटक बुडाला" सुरू होतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडला पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडून गेली, १५ एप्रिल २०१७ ला मालवणात वायरीला बेळगावची ८ गेली. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता, म्हणजे "पावसाळ्यात बीच बंद करा" हे उत्तर पुरेसं नाही. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी ट्रेन्ड जीवरक्षक ठेवलेत, टॉवर, जेट स्की, लाल-पिवळे झेंडे सगळं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायत पार्किंगच्या पावतीतून दोन पोरं ठेवते, एक शिट्टी नि एक रिंग. माझं मत, हे राज्य सरकारने करावं, बारा महिने पगार देऊन.

घाटावरचा_भाऊ
सरकार सरकार किती करणार? गोव्याचा किनारा जेमतेम शंभर-सव्वाशे किमी, आपला ७२० शिकवलाय शाळेत. प्रत्येक पुळणीवर टॉवर बांधणार का? दारू पिऊन पाण्यात शिरणाऱ्याला सरळ दंड लावा, पोलीस उभे करा. माझ्या टॅक्समधून कुणाचा माज का सांभाळायचा.

मालवणी_झील
दंड घेतलो कोण रे? मी दोन सिझन शिट्टी घेऊन उभो होतंय. पाण्यात जाव नको सांगलंय तर उलटो माकाच इचारतत, समुद्र तुझ्या बापाचो काय! जीवरक्षकाच्या हातात शिट्टीशिवाय काय नाय, पावती फाडूचो अधिकार नाय, अंगावर धावले तर मागे कोण नाय. आणि पावसात पर्यटक कमी म्हणून पगार बंद, तेव्हाच तर पाण्याक ओढ जास्त.

सागरवेडी
@घाटावरचा_भाऊ सगळेच दारू पिऊन बुडत नाहीत हो. गुडघाभर पाण्यात उभी असलेली बाई पायाखालची वाळू सरकली की पडते आणि परतणाऱ्या पाण्याचा पट्टा तिला आत नेतो. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात म्हणून तोच भाग शांत दिसतो आणि लोक मुद्दाम तिथेच उतरतात!! किनाऱ्याकडे सरळ पोहत बसलं की दम संपतो, आडवं, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यायचं असतं. पुण्या-कोल्हापूरच्या माणसाला हे कोण सांगणार, बोर्डावर नुसतं "धोका" लिहून?

घाटावरचा_भाऊ
मग बोर्ड नीट लिहा, तो तर स्वस्तात होतो. आणि गोव्याचं एवढं कौतुक नको, तिथेही ठेका खासगी कंपनीला आहे, जीवरक्षक आंदोलनाला बसलेले सरकारी नोकरीत घ्या म्हणून.

खाडीकाठचा
बसले, बरोबर आहे, पण काम शिकलेली माणसं होती म्हणून बसले ना. आपल्याकडे बसायला तरी कोण आहे? मी सरकारी नोकरीच हवी असं म्हणत नाही, पैसे सरकारचे हवेत आणि ट्रेनिंग सक्तीचं हवं. आमच्याकडे अजून बुडालेल्याला उलटा धरून पोटातलं पाणी काढत बसतात, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास, मग छाती दाबणं, हे दोघा पोरांना कोण शिकवणार, सरपंच?

जुना_तांडेल
सरपंचाला नावं ठेवू नका. माणशी वीस रुपये घ्या, पार्किंगची पावती वेगळी, आणि हिशोब दर महिन्याला पंचायतीच्या बोर्डावर लावा. मुंबईहून जीआर येईपर्यंत इथे चार सिझन जातात. भरती-ओहोटी, कुठे खड्डा पडलाय, हे कोळ्यांच्या पोराला जेवढं कळतं तेवढं भरती परीक्षा पास झालेल्या बाहेरच्याला कळणार नाही.

मालवणी_झील
ह्यां पटला. पण वीस रुपयात सप्टेंबरचो पगार कसो निघतलो तेवढा सांगा.

जुना_तांडेल
मे महिन्यातला थोडा बाजूला ठेवायचा. किंवा तिथे तरी सरकारने घालावेत, त्याला माझी ना नाही.